अनावर पुत्राचा नियम : मर्यादा कोणावर?
अनुवाद 21:18-21 या उताऱ्यावरील आपली प्रवचने बहुधा मुलाच्या अपराधापाशीच थांबतात. नियमाची रचना मात्र आईबापांनाही बांधून टाकते. बापाने एकट्याने निर्णय करावयाचा नाही. दोघांनी मिळून मुलाला वेशीपाशी वडील जनांपुढे आणावयाचे. घरातील संताप तेथे न्यायाच्या अधीन होतो.

यहूदी शास्त्र्यांनी हेच सूत्र पुढे नेले. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाप्रमाणे आईबापांपैकी एकाची संमती नसेल तर हा नियम लागूच होत नाही. विसाव्या वचनातील ‘वाणी’ हा शब्द एकवचनी आहे. त्यावरून तालमूदात दोघांचा आवाजही सारखा हवा, असा अर्थ काढला आहे. असा पुत्र कधी झाला नाही व होणारही नाही, हे मत तेथेच आहे. रब्बी योनाथान यांनी ते नाकारल्याचीही नोंद आहे.

यास शब्दच्छल म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. एकाने मनाई करावी व दुसऱ्याने गुपचूप मुभा द्यावी, अशा घरात मर्यादा कोठे आहे हेच मुलाला कळत नाही. म्हणून नीतिसूत्रे 13:24 मधील छडीचे वचन शिकविणाऱ्याने हा उताराही सोबत शिकवावा. मुलाला मर्यादा घालणारे आईबाप प्रथम स्वतः मर्यादेत असले पाहिजेत.