कुटुंबाच्या नावे, कोणाच्या हाती? : ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’चे पुनर्मूल्यांकन

ब्रिटनमधील कौटुंबिक भत्त्याच्या चळवळीचा विचार करताना एलिनॉर रॅथबोन (१८७२–१९४६) यांच्या ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ (१९२४) या ग्रंथाचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. तथापि तो बहुधा ‘मुलांसाठी भत्ता असावा’ या मागणीपुरताच मर्यादित राहतो. वस्तुतः हा भत्ता कोणाच्या हाती पडावा, हा प्रश्नही ग्रंथात तितकाच महत्त्वाचा आहे. आणि ग्रंथाचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही तेथेच आढळतात.

रॅथबोन यांचा रोख ‘कुटुंब-वेतना’च्या कल्पनेवर आहे. पुरुषाचे वेतन पती, पत्नी व तीन मुले यांच्या निर्वाहास पुरेसे असावे, असे त्या काळी मानले जाई. असे नमुनेदार कुटुंब प्रत्यक्षात अल्पसंख्य असल्याचे रॅथबोन आकडेवारीने दाखवितात. अविवाहित पुरुषाला नसलेल्या मुलांचे वेतन मिळते, मोठ्या कुटुंबाला तेच अपुरे पडते, आणि ‘पुरुषावर कुटुंब अवलंबून असते’ या सबबीखाली स्त्रीला समान कामासाठी कमी मोबदला दिला जातो. हा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे.

त्यामागे अनुभव होता. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या पत्नींना मुलांच्या संख्येनुसार थेट भत्ता मिळे. लिव्हरपूलमधील त्याच्या व्यवस्थेत रॅथबोन यांचा सहभाग होता. पतीच्या मर्जीवर अवलंबून नसलेली निश्चित रक्कम घरात काय बदल घडविते, हे त्यांनी तेथे पाहिले. आश्रितांवर सत्ता गाजविण्याच्या पुरुषी वृत्तीला मात्र त्या ‘टर्क कॉम्प्लेक्स’ म्हणतात! इंग्रज कामगाराचा दोष तुर्काच्या माथी मारण्याची ही रीत भारतीय वाचकास अपरिचित नाही. भारतातील बालविवाहावरील त्यांच्या १९३४ च्या पुस्तकाचे शीर्षकच ‘इंडियन मिनोटॉर’ असे आहे. आणि त्यापूर्वी, १९२९ मध्ये, लंडनच्या परिषदेत धन्वंती रामा राव यांनी ब्रिटिश स्त्रियांच्या या पालकत्वावर आक्षेप नोंदविला होता.

१९४५ च्या विधेयकात भत्ता प्रथम पित्याच्या हक्काचा ठरविण्यात आला, तेव्हा रॅथबोन यांनी विधेयकाविरुद्ध मत देण्याचा इशारा दिला. पक्षादेशाविना मतदान होऊन तो मातेला देण्याचे ठरले. दुसऱ्या मुलापासून पुढे दर मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग, अशी ती रक्कम होती. विजय खराच, परंतु कोणाचा? १९१८ साली रॅथबोन यांच्या सहभागाने मांडलेल्या प्रस्तावात मातेच्या स्वतःच्या निर्वाहाचाही वाटा होता. या कायद्यात तो नाही. पैसा तिच्या हाती आला, पण तिच्यासाठी म्हणून आला नाही. ग्रंथाच्या शीर्षकातही वारसा हिरावला गेला आहे तो कुटुंबाचा, स्त्रीचा नव्हे.

ही उणीव उत्तरकालीन संशोधनाने अनपेक्षितपणे उघड केली. १९७७ ते १९७९ या काळात पित्याच्या वेतनात मिळणारी करसवलत टप्प्याटप्प्याने रद्द करून मातेला ‘चाइल्ड बेनिफिट’ देण्यात आले. पुरुष कामगारांच्या हाती पडणारे वेतन घटेल, या भीतीने मंत्रिमंडळाने १९७६ मध्ये ही योजना लांबणीवर टाकू पाहिली होती. लुंडबर्ग, पोलक व वेल्स यांनी १९९७ साली या बदलाचा परिणाम तपासला. पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत मुलांच्या कपड्यांवरील खर्च वाढला होता. आणि स्त्रियांच्या कपड्यांवरीलही. पहिल्या निष्कर्षाने रॅथबोन यांचे म्हणणे खरे ठरते. दुसऱ्यासाठी त्यांच्या मांडणीत जागा नाही. केवळ मुलांची विश्वस्त म्हणून जिला रक्कम दिली, तिने स्वतःसाठी कापड घेतले, तर तो अपहार की तिचा हक्क? ग्रंथ याविषयी मौन बाळगतो, आणि हे मौन महागात पडलेले दिसते. मातेचा दावा केवळ मुलांच्या हितावर उभा असेल, तर ते हित अन्य मार्गाने साधते असे म्हणताच तो दावा निकालात काढता येतो. २०१३ पासून लागू होत गेलेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मध्ये, पूर्वी मुलांचा मुख्यतः सांभाळ करणाऱ्या पालकाला स्वतंत्रपणे मिळणारी रक्कम विलीन झाली आणि दांपत्याची संपूर्ण देय रक्कम सामान्यतः एकाच खात्यात जमा होऊ लागली. ‘चाइल्ड बेनिफिट’ तेवढे वेगळे राहिले.