‘कारण’ आणि ‘जितक्या अंशी’ : ल्यूथरपंथी विश्वासांगीकाराचे प्रामाण्य

स्वतःस विश्वासांगीकारनिष्ठ ल्यूथरपंथी म्हणविणे म्हणजे केवळ ल्यूथरचा अनुयायी म्हणविणे नव्हे. ल्यूथरचे बहुतेक ग्रंथ या परंपरेत प्रमाण मानले जात नाहीत. प्रमाण आहे तो १५८० मध्ये ड्रेस्डेन येथे प्रसिद्ध झालेला ‘बुक ऑफ कॉन्कॉर्ड’ हा संग्रह. त्यात ल्यूथरच्या दोन प्रश्नोत्तरावल्या आहेत. तथापि त्याच्या केंद्रस्थानी आहे तो मेलांख्थोनने सिद्ध केलेला १५३० चा, अठ्ठावीस कलमांचा ऑग्सबर्ग विश्वासांगीकार.

या संग्रहास संमती कोणत्या अर्थाने द्यावयाची, हा खरा वादविषय होय. ‘क्वाटेनुस’ पक्ष म्हणतो : तो पवित्र शास्त्राशी जितक्या अंशी जुळतो, तितक्या अंशी मान्य. ‘क्विआ’ पक्ष म्हणतो : तो शास्त्राशी जुळतो, या कारणाने मान्य. पहिली भूमिका वरकरणी नम्र वाटते. परंतु या अटीवर जगातील कोणताही ग्रंथ मान्य करता येईल. जी संमती कशासही देता येते, तिने काहीच सांगितले जात नाही.

दुसऱ्या भूमिकेवर, ती मानवी लेखनास शास्त्राच्या आसनावर बसविते, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. संग्रहात समाविष्ट असलेला १५७७ चा ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’ शास्त्रालाच एकमेव न्यायाधीश मानतो. इतर लेखन केवळ साक्षीदार ठरते. अमेरिकेतील मिसूरी सिनडचे अग्रणी वाल्थर यांनीही १८५८ मध्ये विनाअट संमतीचा पुरस्कार करताना ती सिद्धान्तापुरती मर्यादित ठेविली. प्रत्येक वचनाचा लावलेला अर्थ वा ऐतिहासिक विधान तीत बंधनकारक नाही.

१५४० मध्ये मेलांख्थोनने प्रभुभोजनाविषयीचे दहावे कलम बदलले. संग्रहाने मात्र लेखकाची ही सुधारणा नाकारून मूळ संहिताच प्रमाण ठरविली. विश्वासांगीकार हा लेखकाचा नव्हे, तर तो मांडणाऱ्या समुदायाचा असतो, हेच त्यातून सूचित होते.

या निष्ठेचे मोल पुढे प्रशियात द्यावे लागले. तेथे राजाने १८१७ मध्ये ल्यूथरपंथी व कॅल्विनपंथी मंडळ्यांच्या ऐक्याची घोषणा केली. १८३० पासून सामाईक उपासनाविधीची सक्ती वाढली. त्यास नकार देणाऱ्यांपैकी काही जण पाळक कावेल यांच्यासह १८३८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात गेले. ‘जितक्या अंशी’ म्हणणाऱ्यास देशत्यागाचे कारण पडले नसते.

तथापि याच भूमिकेत एक धोका आहे. ‘कारण’ हा शब्द एक निर्णय व्यक्त करितो, आणि निर्णय वारशाने मिळत नाही. सुमात्रातील बाताक मंडळीने १९५१ मध्ये स्वतःचा विश्वासांगीकार रचला, आणि १९५२ मध्ये तिला ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशनमध्ये प्रवेश मिळाला. काटेकोर निष्ठावंतास हा शिथिलपणा वाटेल. परंतु आपल्या काळात, आपल्या शब्दांत साक्ष देणे, ही १५३० ची मूळ कृती तीच नव्हे काय?

सारांश, ‘क्विआ’ पक्षच अधिक प्रामाणिक होय. मात्र शास्त्र आणि विश्वासांगीकार ही दोन्ही स्वतः ताडून पाहिलेल्यासच ‘कारण’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार पोहोचतो. न वाचता केलेली स्वाक्षरी ही निष्ठा नसून केवळ कुलनाम ठरते.