स्तोत्रातला ‘मी’ कोणाच्या तोंडी?

आद्य ख्रिस्ती स्तोत्रपरंपरेवरचे अलीकडचे लेखन वाचताना एक गोष्ट सतत खटकते: भाष्यांचे अभ्यासक गाण्याकडे फिरकत नाहीत आणि गाण्याचे संशोधक भाष्ये उघडत नाहीत. ‘स्तोत्रसंहिते’त बोलणारा ‘मी’ नेमका कोण, दावीद, ख्रिस्त की मंडळी, हा पहिल्या गटाचा लाडका प्रश्न. मारी-जोझेफ रोंदो यांनी १९८२ व १९८५ च्या खंडांत तो साक्षेपाने मांडला. पुढे मॅथ्यू बेट्स यांनी तो थेट त्रैक्याच्या सिद्धांताच्या उगमाशी नेऊन भिडवला. विद्वत्तेबद्दल वाद नाही. पण हे सारे वाचून असे वाटते की चर्चपित्यांना स्तोत्र म्हणजे पोथी पुढ्यात घेऊन सोडवायचे कोडे होते. दुसऱ्या गटात एरिक वर्नर यांनी १९५९ मध्ये सिनेगॉगपासून चर्चपर्यंत बांधलेला संगीताचा पूल जेम्स मॅकिनन यांनी १९८६ मध्ये पुरावे मागून खिळखिळा केला, हे बरेच झाले. ‘मूळ चाली’ ऐकवणाऱ्या ध्वनिमुद्रिकांबद्दल मात्र काय बोलावे? ऑक्सिऱ्हिंकसच्या पपायरसवर स्वरलिपी आहे खरी, पण ते बायबलमधले स्तोत्रच नव्हे.

या दोन गटांच्या मधोमध अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याचे मार्सेलिनसला लिहिलेले पत्र पडून आहे. बाकीच्या शास्त्रग्रंथांत वाचक दुसऱ्यांची कृत्ये ऐकतो, स्तोत्रात मात्र ते शब्द त्याचे स्वतःचे होतात आणि त्यांत त्याला आपल्याच मनाच्या हालचाली दिसतात, असे तो सांगतो. मग संकटात कोणते स्तोत्र म्हणावे, कृतज्ञतेत कोणते, याची लांबलचक यादी देतो, आणि शेवटी स्तोत्रे गायची कशासाठी, याचे उत्तरही देतो: कानाला गोड लागावे म्हणून नव्हे, तर गाणाऱ्याच्या अंतःकरणात मेळ यावा म्हणून. इथे अर्थ लावणे, प्रार्थना आणि गायन या तीन वेगळ्या क्रिया उरतच नाहीत. पाचव्या शतकातल्या ‘कोडेक्स अलेक्झांड्रिनस’मध्ये स्तोत्रांच्या आधी हे पत्र उतरवून घेतले आहे, त्या काळच्या बायबलकर्त्यांना त्याचे मोल कळले होते, आपल्या ग्रंथसूच्यांना कळलेले नाही. (मोप्सुएस्तियाचा थिओडोर मोजून चार स्तोत्रे ख्रिस्ताची मानतो. इतिहासाची शिस्त म्हणून ठीक. स्तोत्र म्हणणाऱ्याच्या हाती त्यातून फारसे काही पडत नाही.)

यावर आक्षेप येईल की इजिप्तच्या मठांत एकजण स्तोत्र म्हणे आणि बाकीचे बसून ऐकत. मग तोंडाचा एवढा बडिवार कशाला? हा आक्षेप त्या मठांचे वर्णन करणाऱ्या ज्या कासियनवर उभा आहे, तोच पुढे म्हणतो की मुरलेला साधू स्तोत्र असे गातो, जणू ते संदेष्ट्याने नव्हे, त्यानेच रचले आहे. आपला आवाज बंद असतानाही ते आपलेच व्हावे, एवढ्यासाठीच प्रत्येक स्तोत्रानंतर मूक प्रार्थनेची जागा होती. दुसरा आक्षेप खुद्द हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याचा: ‘कबुलीजबाबा’त त्याला सुरांच्या सुखाचीच भीती वाटते. पण ३८६ मध्ये मिलानच्या वेढलेल्या मंडळीने पूर्वेकडच्या पद्धतीने गायला सुरुवात केली, ती लोकांनी दुःखाने खचू नये म्हणून, हेही तोच नोंदवतो. ज्यात काही सामर्थ्य नाही त्याला कोण भितो?

ऑगस्टिनच्या स्तोत्र-प्रवचनांतली काही केवळ लेखनिकाला सांगितलेली आहेत, हे मान्य. तरी जी लोकांपुढे झाली ती ‘आत्ताच आपण गायलो’ याच गृहीतावर उभी आहेत. ख्रिस्त मस्तक आणि मंडळी शरीर, दोघांचा आवाज एकच, हा त्याचा गाजलेला सिद्धांत त्या गाण्यातून सुटा काढला की नुसती व्याकरणाची सोय उरते. दुःखस्मरणाच्या दिवशी बाविसाव्या स्तोत्रावर बोलताना तो विचारतो, आज फुटून निघालेल्या डोनाटसपंथीयांकडेही हेच वाचले जात असेल का? त्या स्तोत्रात पृथ्वीच्या सर्व सीमा देवाकडे वळतात, आणि हे लोक तर मंडळीला आफ्रिकेत कोंडू पाहतात. प्रतिपक्षाच्या मंडळीतही त्याच दिवशी तेच शब्द उच्चारले जात असतील, तरच या युक्तिवादाला धार येते. केवळ ‘बोलणारा कोण’ एवढे विचारणाऱ्या अभ्यासकाला ही धार दिसणार कशी?