भयकथेतील सुटका आणि घरातील भय

स्टीफन किंग यांची 'रोझ मॅडर' (१९९५) ही भयकादंबरी आणि मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) हे आत्मकथन आम्ही पाठोपाठ वाचले. कादंबरीतील रोझी १४ वर्षे मार खाते. नवराच पोलीस, तक्रार करणार कोणाकडे? मलिका या शाहीर अमर शेख यांच्या कन्या. त्या मारहाण लिहितात ती पती नामदेव ढसाळ यांची. दलित पँथरचे संस्थापक, थोर कवी. बाहेर शोषितांसाठी लढणाऱ्याविरुद्ध घरातल्या बाईने दाद कुठे मागावी? मारणाऱ्याला बाहेर असलेला मान, हेच दोन्ही पुस्तकांतील खरे भय.

रोझी अंगठीच्या बदल्यात घेतलेल्या एका चित्रात शिरते आणि चित्रातली बाईच नवऱ्याचा निकाल लावते. इथे कादंबरी सैल पडते, असे आम्हांस वाटते. मलिकांना असे चित्र सापडत नाही. हाती लेखणीच उरते. त्यांच्या लेखनात तटस्थता नाही, असे कोणी म्हणेल. मार खाणारीकडे तटस्थता मागावी कशी?

रोहण्यासारख्या गावांत लेकीला 'सब्र कर' म्हणून सासरी परत पाठवणाऱ्या आपण सर्वांनी हे पुस्तक आधी वाचावे.