गोव्याची म्हणून मिळणारी वस्तू

यात्रेहून रिकाम्या हातांनी परतू नये, हा आपल्याकडचा जुना रिवाज. काशीहून तोंड झाळलेला गंगेचा गडू यावा, पंढरपुराहून बुक्का आणि तुळशीची माळ यावी, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ती हात जोडून घ्यावी, यात भक्तीबरोबर व्यवहाराचाही एक सिद्धांत गुंतलेला होता. गडूतील पाण्याला मोल होते ते गंगेचे म्हणून. म्हापशाच्या विहिरीचे पाणी त्यात भरले असते, तर रंगरूप तेच राहूनही तो गडू लबाडीचा ठरला असता. वस्तू आणि स्थळ यांचे हे नाते आजच्या प्रवाशाच्या खरेदीत कितपत उरले आहे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

पेडणे तालुक्यात हरमलच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर दुतर्फा दुकाने आहेत. त्यांत काश्मिरी शाली आहेत, राजस्थानी आरसेकाम आहे, तिबेटी धाटणीच्या माळा आहेत. काश्मिरी शाल ही काश्मिरात उत्तमच वस्तू, आणि दूरदेशीचा व्यापारी येथे येऊन पोट भरतो याबद्दल आमची तक्रार मुळीच नाही; जे खपते तेच तो मांडणार. परंतु रशियाचा वा इंग्लंडचा प्रवासी ती शाल गोव्याची आठवण म्हणून घरी नेतो, हे मात्र चमत्कारिक. त्याच हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जत्रेतील आपल्या खाज्यालाही, बेसन, गूळ, आले आणि तीळ यांच्या त्या साध्या खाऊलाही, त्याच वर्षी ते मिळाले. गोव्याचे म्हणून खात्रीने नेता येईल असे हे दोन जिन्नस. पण शालीच्या दुकानांत ते शोधू जाणे व्यर्थ.

पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होते, म्हणून सावंतवाडीला आम्ही परके मानीत नाही. तेथील चितारआळीतील लाकडी फळे व खेळणी सर्वांच्या परिचयाची आहेत. गंजिफेचे मात्र तसे नाही. दशावतारी गंजिफेचे १२० वाटोळे पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. ही कला विझत आली असता शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ती समजून घेऊन राजवाड्यात तिचे पुनरुज्जीवन केले, आणि अद्यापि तेथे पत्ते रंगविले जातात. घेणाऱ्याने मत्स्याच्या रंगातील दहाचे पान हाती घ्यावे. त्यावरील दहाही मासे नेमके एकसारखे असतील, तर ते हाताने काढलेले नव्हेत. चिताऱ्याचा कुंचला कोठेतरी जरासा वळतोच. बहिर्वक्र भिंगाखाली छपाईचे ठिपकेही दिसतात. छापील जोड छापील म्हणून स्वस्तात विकला तर त्यात गैर काहीच नाही. हातची म्हणून विकला, म्हणजे मामला आमच्या धंद्यात येतो.

डिचोलीच्या कासारांची समई ही याहूनही बोलकी वस्तू. या तालुक्यात कासारपाल येथे श्रीकालिकेचे देवालय आहे, आणि गावाच्या नावातच कासार आहेत. चांगली समई बैठकीपासून शिखरापर्यंत आट्यांनी जोडलेली असते. ती सुटी करून घासता येते, कारण रोज पेटणाऱ्या दिव्याला रोजची घासणी चुकत नाही. प्रवाशांसाठी म्हणून निघालेली समई पुष्कळदा एकसंध असते, आणि चकाकी टिकावी म्हणून तिच्यावर वार्निश चढविलेले असते. अशी समई पेटविली की ज्योतीच्या आचेने ते काळवंडते. म्हणून दुकानदाराजवळ तेल आणि वात मागावी. तेल पाझरते का, वात चोचीत नीट बसते का, हे पाहावे. जी समई पेटविण्यासाठी केलेलीच नाही, ती दिव्याची नक्कल होय; तिला कला म्हणणे आम्हांस मान्य नाही.

येथे कायद्याचा आधार कितपत? भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली संमत झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. हस्तकलेच्या वस्तू त्यात आरंभापासून अंतर्भूत आहेत. युरोपीय संघाने आपल्या हस्तकलांना असे संरक्षण लागू केले ते १ डिसेंबर २०२५ पासून. पण कायदा राखतो ते नाव. वस्तूचा गुण, कीर्ती किंवा अन्य वैशिष्ट्य यांपैकी एक जरी मुख्यत्वे त्या भूमीचे असले तरी नोंदणीस पुरते. तेव्हा हातातला हा एक नग सुबक आहे की बेंगरूळ, याची हमी मानांकन देत नाही. त्या नावाचा आपण नोंदलेला अधिकृत वापरकर्ता आहात काय, हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. नगाची परीक्षा मात्र आपल्याच डोळ्यांनी व्हावयाची. व्हेनिसमध्ये परक्या ठिकाणची काच मुरानोची म्हणून खपू लागली, तेव्हा तेथील प्रांतिक सरकारला १९९४ साली मुरानो बेटावरील काचकामासाठी वेगळी खूण कायद्याने ठरवावी लागली. आमचे गोवेकर बांधव युरोपात फिरावयास जातात, त्यांनी ती खूण पाहिल्यावाचून फुलदाणी उचलू नये.

आता थोडे स्वतःविषयी. प्रवाशाला बोल लावणे सोपे आहे; तो बिचारा यजमानाच्या घरी जे दिसते त्यावरून अंदाज बांधतो. आपल्या देवस्थानांच्या सत्कारसमारंभांत काय दिसते? शाल, श्रीफळ आणि काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकचे सन्मानचिन्ह, ज्यावर नाव कोरले नसते तर ते कोठलेही ठरले असते. चतुर्थीला चिकणमातीच्या मूर्तीऐवजी प्लॅस्टरची मूर्ती घरी आणणारे आपल्यातच आहेत, आणि मातीच्या मूर्तिकाराला तगवावे म्हणून राज्याच्या हस्तकला महामंडळाला अनुदान द्यावे लागते. कासार किंवा कुंभार जगतो तो मुख्यतः गावच्या मागणीवर. ती मागणी आटली, की परदेशी पाहुण्याला विकण्यासाठी उरेल ती वार्निशची समईच.

एक अडचण खरी आहे. मनाजोगती समई कासाराकडे आगाऊ सांगावी लागते; ओतणे, कातणे, घासणे यांस दिवस लागतात, आणि प्रवाशाचा मुक्काम तीन दिवसांचा. देवस्थानांच्या समित्यांना ही सबब नाही. पुढच्या जत्रेची तिथी त्यांना वर्षभर आधीच ठाऊक असते.