विमानांचीं छायाचित्रें

विमानांच्या छायाचित्रांत आकाश पुष्कळ असतें, उड्डाण क्वचितच आढळतें. शेपटीवरील अक्षरें वाचतां आलीं, कीं छायाचित्रकार कृतार्थ! पण १/२००० सेकंदांत टिपलेल्या चित्रांत पंख्याचीं पातीं थिजतात आणि उडतें विमान बंद पडल्यासारखें दिसतें. तोच वेळ १/१२५ ठेविला तर पातीं धूसर होऊन चित्रांत गति येते. मात्र विमानाच्या वेगानें कॅमेरा फिरविणारा हात हवा. जेट विमानांत ही सोयही उरली नाहीं.

१७ डिसेंबर १९०३ रोजीं ऑर्व्हिल राइटच्या पहिल्या उड्डाणाचें चित्र जॉन डॅनियल्सनें घेतलें. कॅमेरा ऑर्व्हिलनेंच रोखून ठेविला होता. डॅनियल्सनें तो फक्त चालविला. तरी आमच्या मतें त्या चित्राची सर दुसऱ्या कशास नाहीं. त्यांत वाळू आहे, मागें राहिलेला रूळ आहे, बाजूस विल्बर आहे. जमीन सुटली हें दिसावयास आधीं जमीन दिसावी लागते.

उभ्या विमानाची गोष्ट निराळी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरविलेलें पस मॉथ माणसांशेजारीं पाहावें. मगच त्याचा लहानपणा, आणि त्या प्रवासाचें धाडस, ध्यानांत येतें.

पोशीरच्या हौशी मंडळींनीं म्हणूनच मोठ्या भिंगासाठीं हळहळूं नये. पश्चिमेस माथेरानचा डोंगर आहे. सायंकाळीं तो चौकटीच्या तळाशीं घ्यावा. विमान तांदळाएवढें आलें तरी चालेल.