९५ टक्क्यांचा हिशेब

‘भंगारापासून ॲल्युमिनिअम घेतल्यास ९५ टक्के ऊर्जा वाचते’ हे वाक्य वर्गात आणि कारखान्यांच्या माहितीपत्रकांत नेहमी भेटते. ते खोटे नाही. विद्युत अपघटनाने एक किलो धातू मिळवायला सुमारे १४ युनिट वीज लागते. आपल्याकडे ती बहुतांशी कोळशाची. तोच धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळवायला तत्त्वतः जेमतेम ०.३ युनिट पुरते. (भट्टीत बरीच उष्णता वाया जाते, ते वेगळे.) हे गणित दहावीचे विद्यार्थी सहज करतील.

आमचा आक्षेप ‘भंगार’ या शब्दाला आहे. ओतकामात रनर-रायझरमध्ये गोठलेला धातू तोडून पुन्हा त्याच भट्टीत टाकतात. त्याला पुनर्वापर म्हणणे म्हणजे उरलेली कणीक पुन्हा मळून पीठ वाचवले म्हणण्यासारखे! खरी बचत होते ती जुनी भांडी, इंजिनांचे भाग परत आले तर. पण त्यांच्याबरोबर लोखंड येते. ते नुसते वितळवून निघत नाही. ॲल्युमिनिअम व सिलिकॉनबरोबर सुईसारखे स्फटिक बनवून ओतीव भाग ठिसूळ करते. मँगॅनीज घातल्यास सुयांचा आकार बदलतो, लोखंड आतच राहते. मग त्याचे प्रमाण उतरवायला शुद्ध धातू मिसळावा लागतो. त्या धातूची किलोमागे १४ युनिटे माहितीपत्रकात कुठेच मांडलेली नसतात.